आवाजाकडून भाषेकडे (भाग 6) : कान आधी, तोंड मागाहून

जऊळक्याच्या शिवारात तुरीला शेंगा धरल्या, हरभऱ्याला घाटे लागले की वानरांच्या टोळ्या बांधावरच्या कडुलिंबांवर मुक्काम ठोकतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. लाल तोंडाची माकडं वेगळी. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या या रेल्वे स्टेशनच्या गावात त्यांचा विषय काढलात तर आधी शिव्या ऐकाव्या लागतील, आणि त्या रास्तच आहेत. पण जागलीवरच्या माणसाला वानरांचे आवाज नेमके कळतात. सकाळी हुप्प्याचा 'हूप' घुमला तर तो हातातलं काम सोडत नाही. टोळीचा नर शेजारच्या टोळीला आपला ठावठिकाणा सांगतोय, इतकंच. मात्र झाडावरून खरखरीत 'खॅक, खॅक' सुरू झालं की तो थबकतो. वऱ्हाडीत सांगायचं तर, ''वांदरं खेकसू लागले का समजाचं, खाली काहीतरी हाये.'' काटेपूर्णा अभयारण्याच्या कडेच्या गावांत ते 'काहीतरी' बिबट्याही असू शकतं.

मग वानराने शेतकऱ्याला 'बिबट्या' म्हणून सांगितलं, असं म्हणायचं का?

या प्रश्नाची सगळ्यात गाजलेली परीक्षा केनियातल्या अंबोसेलीत झाली. तिथली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे आवाज काढतात, हे थॉमस स्ट्रुसेकर यांनी 1967 मध्ये नोंदवलं होतं. रॉबर्ट सायफर्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी ते आवाज ध्वनिमुद्रित केले, झुडपांत स्पीकर लपवले आणि आसपास कुठलाही शत्रू नसताना ते वाजवले. बिबट्याचा आवाज ऐकून माकडं झाडावर पळाली. गरुडाच्या आवाजाला त्यांनी वर पाहिलं किंवा झुडपांत दडी मारली. सापाच्या आवाजाला ती मागच्या पायांवर उभी राहून गवतात शोधू लागली. 1980 साली हे प्रसिद्ध झालं आणि माकडांना शब्द सापडल्याचा गाजावाजा झाला.

मला तो गाजावाजा घाईचा वाटतो, आणि त्याला आवर घालणारे प्रयोगही चेनी आणि सायफर्थ यांनीच केले, हे त्यांचं मोठेपण. ऱ्हीसस आणि जपानी माकडांच्या आयांना त्यांनी एकदा खाऊ दाखवला, एकदा धोका. कधी पिल्लू शेजारी होतं, त्यालाही सगळं दिसत होतं. कधी आड होतं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आईच्या ओरडण्यात काही फरक पडला नाही. पिल्लाला माहीत नाही म्हणून त्याला सांगायला हवं, हा विचार तिच्या ओरडण्यात दिसलाच नाही.

दुसरा प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. ऱ्हीससची पिल्लं जपानी आयांकडे आणि जपानी पिल्लं ऱ्हीसस आयांकडे वाढवली. पिल्लांनी आवाज काढले ते जवळपास आपल्याच जातीचे. परक्या घरात राहून तोंड फारसं बदललं नाही. कान मात्र बदलले. पोसणाऱ्या आईची हाक कोणती, हे पिल्लू शिकलं आणि पिल्लाची हाक कोणती, हे आईही शिकली.

याच्या शेजारी वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही बंजारा तांड्यावरचं मूल ठेवून बघा. घरात गोरमाटी, शाळेत मराठी, गल्लीत वऱ्हाडी आणि टीव्हीसमोर हिंदी. ते चारही भाषा नुसत्या ओळखत नाही, बोलतं. माणूस वेगळा पडतो तो इथे.

ऐकणं मात्र फार जुनं आहे आणि जातीची कुंपणं मानत नाही. कान्हाच्या जंगलात पॉल न्यूटन यांनी वानरं आणि चितळ यांची सोबत अभ्यासली. वानरं पाला खाली पाडतात, चितळ तो खातात आणि एकमेकांच्या इशाऱ्यांवर दोघंही सावध होतात. मुदुमलाईतली टोपी माकडं वानराच्या इशाऱ्याचं नुसतं ध्वनिमुद्रण ऐकूनही पळतात. मेळघाट-ताडोबातले गाइड ''कॉल आला'' म्हणत जिप्सी थांबवतात, तेव्हा तेही याच श्रोत्यांच्या रांगेत उभे असतात. ओरडणाऱ्याच्या मनात काही सांगायचं असो वा नसो, ऐकणारा अर्थ काढतो आणि जीव वाचवतो.

मग तोंड का अडलं? पूर्वी घशाला दोष दिला जाई. 2016 साली टेकमसे फिच आणि आसिफ गझनफर यांच्या गटाने एका माकडाची क्ष-किरण चित्रफीत काढून त्याच्या घशातून कोणते स्वर निघू शकतील, याचं गणित मांडलं. संगणकाने त्या घशातून ''माझ्याशी लग्न करशील का?'' असं इंग्रजी वाक्य बऱ्यापैकी वदवून घेतलं! घसा तयार आहे, अडचण मेंदूत आहे. मेंदूच्या बाहेरच्या थरातून स्वरयंत्राच्या स्नायूंकडे थेट जाणारे चेतातंतू माणसात आहेत. माकडांत ते नाहीतच किंवा अगदी विरळ आहेत. भीतीने ओरडता येतं, ठरवून नवा आवाज घडवता येत नाही.

पण जुना आवाज नव्या कामाला लावता येतो. बांदीपूरच्या रस्त्यांवर अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी टोपी माकडांचा अभ्यास केला. तो 2018 साली छापून आला. ही माकडं हातात खाणं असलेल्या माणसाकडे तोंड करून 'कू' करतात, हात पुढे करतात आणि घास मिळेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवतात. मुळात 'कू' हा आपसांत संपर्क ठेवण्याचा आवाज. इथे समोरच्याच्या मनाचा थोडा तरी अंदाज घेतला जातोय, असं मला वाटतं.

हा अंदाज चिंपांझी कुठवर नेतात? युगांडातल्या बुडोंगोच्या जंगलात संशोधकांनी वाटेवर खोटा साप ठेवला होता. ज्या सोबत्यांनी तो पाहिला नव्हता, ते जवळ असताना चिंपांझी जास्त ओरडले. त्या सापाची गोष्ट पुढच्या आठवड्यात.