केडगावचा हिशेब

ईश्वराला काय अर्पण करावे, या प्रश्नाचे पंडिता रमाबाईंनी दिलेले उत्तर प्रार्थनामंदिरापुरते नव्हते; ते केडगावच्या शेतात, मागावर आणि छापखान्यातही होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या. त्यांना नुसते अन्न घालणे हे दान झाले असते. रमाबाईंनी त्यांना अक्षर शिकविले, विणकाम शिकविले, छापखान्यातील खिळे जुळवावयास शिकविले. आश्रिताला उत्पादक बनविणे हे दानापेक्षा कितीतरी कठीण, आणि खर्चिकही!

धर्मांतरावरून त्यांच्याविरुद्ध काहूर उठले. १८९३ मध्ये शारदा सदनाच्या हिंदू सल्लागारांनी राजीनामे दिले. तो आक्षेप क्षुल्लक नव्हता. परंतु आक्षेप घेणाऱ्या समाजाने त्या विधवांसाठी तोवर किती दारे उघडली होती, हेही विचारावयास हवे.

विनावेतन सेवेची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या खतावणीत होत नाही. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून, सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत रमाबाईंनी बायबल आणले. त्याच्या छपाईचे काम संस्थेतल्याच स्त्रियांनी केले. भाषांतर १९२२ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी त्यांच्या हातून पुरे झाले.