टांगलेल्या विद्युत कॉन्ड्यूटचे भूकंपरोधक आधार : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
इमारतीच्या भूकंपसुरक्षेचा विचार करताना खांब, तुळया व भिंती यांकडेच प्रामुख्याने लक्ष दिले जाते. स्लॅबला टांगलेले विद्युत कॉन्ड्यूट मात्र दुर्लक्षित राहतात. भारतीय मानक 1893 च्या 2016 मधील आवृत्तीनुसार पूर्व विदर्भाचा बहुतांश भाग झोन 2 मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात येतो. परंतु 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी येथे विनाशकारी भूकंप झाला, तेव्हा तो परिसरही तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1 मध्येच होता. 22 मे 1997 रोजी भूकंप झालेले जबलपूर गोंदियापासून सरळ रेषेत सुमारे 190 किलोमीटर अंतरावर आहे.

समस्येचे स्वरूप :
उभ्या सळया कॉन्ड्यूटचे वजन पेलतात. आडव्या धक्क्यास त्या फारसा विरोध करीत नाहीत. 1 मीटर लांबीच्या सळईवरील भार लंबकाप्रमाणे सुमारे 2 सेकंदांच्या आवर्तनकालाने झुलतो. परिणामी सांधे निखळतात, तारा ताणल्या जातात. अशा वेळी रुग्णालयाची इमारत सुस्थितीत आणि जनित्र चालू असूनही शस्त्रक्रियागृह अंधारात राहू शकते.

संकल्पन :
यावरील उपाय म्हणजे तिरपे आधार. आडव्या बलाचे मूल्य क्षेत्र गुणांक, मजल्याची उंची, घटकाची लवचिकता, इमारतीचे महत्त्व व वजन यांवर अवलंबून असते. उदाहरणार्थ, झोन 2 मधील रुग्णालयाच्या सर्वांत वरच्या छताला टांगलेल्या कॉन्ड्यूटसाठी क्षेत्र गुणांक 0.10, महत्त्व गुणांक 1.5 आणि लवचिकतेचे गुणोत्तर 1 गृहीत धरल्यास हे बल वजनाच्या 15 टक्के येते. कॉन्ड्यूटचे वजन दर मीटरला 20 किलोग्रॅम व आडव्या दिशेच्या तिरप्या आधारांतील अंतर 12 मीटर असल्यास एका आधारावर 240 किलोग्रॅमचा वाटा येतो. त्यामुळे आडवे बल 36 किलोग्रॅम, तर 45 अंशांतील आधारातील ताण सुमारे 51 किलोग्रॅम होतो.

येथे एक बाब सहज निसटते. ताणातील तिरपा आधार कॉन्ड्यूटला 36 किलोग्रॅम बलाने वरही ओढतो. दर 2 मीटरवर दोन सळयांची जोडी असल्यास एका सळईवर केवळ 20 किलोग्रॅम वजन असते. वर ओढणारे संपूर्ण बल त्याच सळईवर आल्यास तिच्यात 16 किलोग्रॅमचा दाब निर्माण होतो आणि बारीक सळई वाकण्याची शक्यता असते. म्हणून अशा सळईस लोखंडी कोनपट्टी जोडून ती ताठ करणे आवश्यक ठरते. लांबीच्या दिशेनेही स्वतंत्र तिरपे आधार द्यावे लागतात. आधारांचे बोल्ट काँक्रीटच्या स्लॅबमध्ये अथवा तुळईत बसवावेत. फॉल्स सिलिंगच्या सांगाड्यास जोडू नयेत. इमारतीच्या प्रसरण सांध्यावर लवचिक कॉन्ड्यूट वापरावा.

निष्कर्ष :
उदाहरणातील बले लहान आहेत. म्हणूनच ती पेलण्याचा खर्चही अल्प आहे, परंतु त्याचा विचार नकाशे तयार होत असतानाच व्हावयास हवा. गोंदियासारख्या जिल्ह्यातील रुग्णालये, महाविद्यालये व प्रयोगशाळा उभारताना झोनचा क्रमांक हा निर्धास्त राहण्याचा परवाना न मानता गणिताचा आरंभबिंदू मानणे इष्ट होय.