एकगठ्ठा मते कोणाची?

गोव्यातला ख्रिस्ती मतदार पाद्री सांगतील तिकडे वळतो, असे आपल्या सीमाभागात सर्रास बोलले जाते. सार्वमताची सल मनात असल्याने आपल्याला ते पटतेही. मला मात्र हा हिशेब जुळत नाही.

१६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० मते पडली, केंद्रशासित राहण्याच्या 'दोन पानां'ना १,७२,१९१. ख्रिस्ती समाज तेव्हा चाळीस टक्क्यांहून कमी होता. म्हणजे हिंदू मतांशिवाय दोन पाने जिंकलीच नसती.

धर्माचा प्रभाव नव्हता असे नाही. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षामागे प्रामुख्याने ख्रिस्तीच होते. पण त्यांना चिंता कोकणीची, नोकऱ्यांची होती. महाराष्ट्रातल्या दारूबंदीचीही होती. पुढे हा समाज मोठ्या प्रमाणात काँग्रेसकडे गेला. २०१२ मध्ये भाजपने सहा ख्रिस्ती उमेदवार उभे केले, सहाही निवडून आले.

श्रद्धा मतदाराच्या सोबत केंद्रापर्यंत येते. आत घर, भाषा आणि पोटापाण्याचे प्रश्नही असतात. आपण भाषेसाठी एकगठ्ठा मते देतो, तेव्हा तिला निष्ठा म्हणतो. मग शेजाऱ्याच्या मताला आंधळेपणा का म्हणावे?