अनुदान, निर्वासित आणि वसई-विरारची संस्था

‘निर्वासितांसाठी केंद्राचा मोठा निधी असतो, अर्ज कुणी करत नाही एवढंच!’ महिलांवरील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या छोट्या संस्थांमध्ये हा समज पक्का आहे. प्रत्यक्षात भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. सरकार मदत देतं ती ठरावीक समूहांना. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिबेटी मदत समितीला केंद्राने २०१५मध्ये पाच वर्षांसाठी ४० कोटी रुपये मंजूर केले होते. त्या वाटेने वसई-विरारमधल्या, समजा नालासोपाऱ्यातल्या, संस्थेला काही मिळण्यासारखं नाही.

यावरून लगेच दुसरं टोक गाठलं जातं: बाहेरून आलेल्या बाईसाठी सरकारकडे काहीच नाही, तिला आधी इथलं रेशनकार्ड हवं. हेही चूक. २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा नागरिकत्व विचारत नाही. बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही तिला दाद मागता येते. मोखाड्याहून वीटभट्टीवर आलेली असो, उत्तर प्रदेशातून चाळीत आलेली असो, नाहीतर नेपाळची असो. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये पोलीस, डॉक्टर, वकील आणि समुपदेशन एका छताखाली मिळतं, पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोयही असते. १८१ हा मदतीचा क्रमांक. म्हणून अनुदानाच्या प्रस्तावात बाई कुठून आली याची कहाणी थोडक्यात आणि तिला कोणती सेवा देणार हे सविस्तर लिहावं. बरेच अर्ज नेमके उलटे असतात.

पैसा कुठून येतो? २०२२पासून या योजना ‘मिशन शक्ती’त एकत्र आल्या. सखी केंद्राचा खर्च पूर्ण केंद्र सरकारचा, तर निवाऱ्याच्या ‘शक्ती सदन’चा केंद्र-राज्य ६०:४०. पण अंमलबजावणी राज्यामार्फत होते, तेव्हा दिल्लीला पत्रं पाठवण्यापेक्षा डहाणू लोकल पकडून पालघरला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठावं. (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यापासून वेगळा झाला, तरी काही जुन्या मंडळींचे पाय अजून ठाण्याकडेच वळतात.)

‘कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सेवा पुरवणारी संस्था म्हणून नोंद झाली की अनुदान सुरू,’ असंही म्हणतात. या नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. नोंदणीमुळे घरगुती हिंसेच्या घटनेचा अहवाल नोंदवण्याचा अधिकार मिळतो, पैसे नाहीत. केंद्राच्या अनुदानासाठी नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक वेगळा लागतो. परदेशी देणगी सोपी वाटते, पण तिच्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत आणि आलेल्या निधीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांत बसवावा लागतो.

खरी अडचण अनुदान मंजूर झाल्यानंतरची. रक्कम सहसा हप्त्यांनी येते, पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. केंद्राच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावं लागतं. ते राहिलं तर पुढचा हप्ता अडतो आणि समुपदेशक पगाराअभावी दुसरी नोकरी शोधते.