शाळा, संग्रहालय आणि कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या औंधला यमाईच्या डोंगराच्या उतारावर श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभे आहे. राजा रविवर्मांची ‘सैरंध्री’, धुरंधरांची चित्रे आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माय-लेकराचे शिल्प इथे एकाच छताखाली आहेत. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली हे संग्रहालय उभारले. राजे स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. मुंबई-पुण्याच्या रसिकाला मिळते ते माणदेशाच्या उंबरठ्यावरच्या शेतकऱ्याच्या पोरालाही पाहायला मिळावे, हेच या वास्तूचे मोठेपण.

औंध संस्थान 72 गावांचे, पण तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. औंध आज साताऱ्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. कुंडलजवळच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला तो याच राजाच्या आश्रयाने. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत वसली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’मागची प्रेरणा तीच. म्हणजे आटपाडीचा विद्यार्थी औंधच्या संग्रहालयात येतो, तेव्हा तो परक्या राजाचे वैभव पाहायला येत नाही, स्वतःच्या तालुक्याची गोष्ट वाचायला येतो. पण हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.

तिथेच घोडे अडते. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात मेसोपोटेमियातल्या उर शहरी सापडलेल्या प्राचीन संग्रहालयाची माहिती आहे. उर ठाऊक असलेल्या मुलाला औंध ठाऊक नसते. शैक्षणिक सहलीला एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत गाड्या भरभरून निघतात. एका दिवसात चार ठिकाणे उरकायची, म्हणून संग्रहालयाच्या वाट्याला अर्धा-पाऊण तास येतो. मुले रांगेने आत जातात, रांगेने बाहेर येतात. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली, तेव्हा एका वस्तूभोवती किती कुतूहल जमा होऊ शकते हे सगळ्यांनी पाहिले. ते कुतूहल वर्षभर टिकवणे हेच संग्रहालय-शिक्षणाचे काम.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2015 मध्ये फिरते संग्रहालय सुरू केले. त्याची बसच शाळेच्या दारात जाते. आपल्या सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांना तर कृष्णेनेच हे काम सोपे करून ठेवले आहे. महाबळेश्वरला उगम पावून ती वाई, कऱ्हाडवरून सांगलीला येते आणि तिच्या काठाने धडेच धडे आहेत.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा घ्या. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेत पोर्तुगीजांकडून मिळालेली ही घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत, आणि 1707 हे सालही. शिक्षकांनी आधी काहीच सांगू नये. मुलांना सभोवती फिरू द्यावे, आकडे वाचू द्यावेत, चित्र ओळखू द्यावे. मग विचारावे, ‘देवळापाशी ही मूर्ती कशी आली?’ उत्तर शोधताना मुले समुद्र, युद्ध आणि लूट यांच्यापर्यंत आपसूक पोचतात.

साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर 1719 ते 1724 या काळात वीरूबाईंनी बांधवून घेतली. तिथे इतिहासाबरोबर पाण्याचे गणितही आहे. बारा मोटा एकदम चालल्या तर किती बैल लागतील, पाणी किती शेतांना पुरेल? घरी आजोबांना विचारून मुलांनी उत्तर आणावे.

सांगलीत 1929 चा आयर्विन पूल आहे. तिथे कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. सातवी-आठवीच्या मुलांनी आपल्या गल्लीत पाणी कुठवर चढले होते ते घरोघर विचारून नकाशावर मांडले, तर इतिहास, भूगोल आणि आपत्ती व्यवस्थापन एकाच वहीत येते. असा नकाशा जवळच्या संग्रहालयाने आपल्या भिंतीवर लावला पाहिजे.

वेळापत्रकाचाही विचार हवा. जागतिक संग्रहालय दिन 18 मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत. जागतिक वारसा दिन 18 एप्रिलला, म्हणजे परीक्षांच्या धामधुमीत. आपल्याला सोयीचा आहे तो 19 ते 25 नोव्हेंबरचा जागतिक वारसा सप्ताह: दिवाळीची सुट्टी संपलेली, सहली अजून सुरू व्हायच्या.

मुख्याध्यापकांना आणि संग्रहालयांच्या अभिरक्षकांना एवढीच विनंती. यंदा चार ठिकाणांऐवजी एकच ठिकाण ठरवा आणि तिथे अख्खा दिवस द्या. जाण्याआधी वर्गात एक तास, परतल्यावर दोन तास राखून ठेवा. आणि मुलांनी गावातून गोळा केलेले नकाशे, आठवणी, मोजमापे संग्रहालयाने जपून ठेवावीत. तो उद्याच्या इतिहासाचा दस्तऐवज आहे.