अ‍ॅम्स्टरडॅमच्या ज्यूंचा कागदोपत्री माग

10 जानेवारी 1941 रोजी नाझीव्याप्त नेदरलँड्समध्ये हुकूम निघाला: आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असला, तरी सरकारदरबारी नाव नोंदवावे. सुमारे 1,60,000 जणांनी ते नोंदवले. त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅम पालिकेच्या सांख्यिकी विभागाने शहराचा नकाशा केला. त्यावरचा एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. धरपकडीला उपयोगी पडलेली ही दफ्तरेच आज त्या माणसांचे पुढे काय झाले हे शोधणाऱ्यांचा मुख्य आधार आहेत.

शोध बहुधा पालिकेच्या लोकसंख्या कार्डापासून सुरू होतो. त्यावर पत्ता, व्यवसाय, धर्म आणि घरातली माणसे सापडतात. मार्च 1943 मध्ये प्रतिकार चळवळीतल्या विलेम आरोंडेयस आणि त्याच्या साथीदारांनी पोलिसांच्या वेशात शिरून नोंदणी कार्यालयाला आग लावली, पण थोडीच कार्डे जळाली. नाझींच्या हुकमाने स्थापन झालेल्या ज्यू परिषदेने ठेवलेल्या कार्डांवर हद्दपारीतून तात्पुरती सूट मिळाल्याची आणि वेस्टरबोर्क छावणीत नेल्याची नोंद असते. तिथून जुलै 1942 ते सप्टेंबर 1944 या काळात एक लाखाहून अधिक माणसे पूर्वेकडे रवाना झाली, आणि गाड्यांच्या याद्या टिकल्या आहेत. सोबिबोरच्या मृत्युछावणीत गेलेल्यांच्या बाबतीत माग इथेच थांबतो. 19 गाड्यांतून 34,313 जण तिथे गेले, वाचले 18. बहुतेकांना पोहोचताच मारले जाई, नोंद कोण करणार?

म्हणूनच युद्धानंतरच्या मृत्यूच्या दाखल्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. त्यांतल्या अनेक तारखा कुणी पाहिलेल्या नाहीत, त्या हिशेबाने ठरवल्या आहेत. सोबिबोरच्या बळींसाठी सहसा गाडी सुटल्यानंतरचा तिसरा दिवस धरला गेला. अ‍ॅन फ्रँकचा सरकारी मृत्युदिन 31 मार्च 1945 असा लागला, कारण ती त्या महिन्यात बर्गेन-बेल्सन छावणीत वारली एवढाच निष्कर्ष हाती होता. 2015 मध्ये अ‍ॅन फ्रँक हाउसच्या संशोधकांनी तिच्यासोबतच्या कैद्यांच्या जबान्या पुन्हा तपासल्या. तिच्या टायफसची लक्षणे पाहता मृत्यू बहुधा फेब्रुवारीतच झाला असावा, असे त्यांचे मत पडले.

लपून राहिलेल्यांचा माग या दफ्तरांत जेमतेमच लागतो. नाव दिसू नये यासाठीच तर ते लपले होते. त्यांच्यासाठी अटकेचे पोलीस अहवाल आणि नाझींशी सहकार्य केल्याबद्दलच्या युद्धोत्तर खटल्यांची बाडे चाळावी लागतात. लपलेल्यांना पैशासाठी पकडून देणाऱ्यांच्या जबान्या त्यांतच आहेत. हेगच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यातील या बाडांवरची कायदेशीर बंधने जानेवारी 2025 मध्ये संपली आणि सुमारे 4,25,000 नावांची सूची खुली झाली. बहुतेक नावे संशयितांची आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांवर कधी खटला चाललाच नाही.