चिटगुप्प्यापर्यंत कोणाचा आवाज पोहोचतो?

पुण्याहून सोलापूर, उमरगामार्गे हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ हुमनाबाद ओलांडून मन्नाएखेळ्ळीच्या दिशेने निघतो, तेव्हा त्याच्या दक्षिणेला, थोडे आडबाजूस, बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा हे तालुक्याचे गाव लागते. सोलापूर सोडताना गाडीतील रेडिओवर स्वच्छ ऐकू येणारा मराठी कार्यक्रम उमरगा येण्यापूर्वीच खरखरीत विरून जातो. पुढे काही अंतर नुसतीच सूंसूं. मग कधी कन्नड निवेदन, कधी तेलुगू गाणे, असे करत प्रवास सुरू राहतो. चिटगुप्प्याच्या बाजारात मात्र कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. बाजारात असलेली भाषा रेडिओवर का नसते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण राजकारणात शोधतात. त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात भूमितीत दडलेला आहे.

राजकारणाचा भाग आधी सांगून टाकलेला बरा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हैदराबाद संस्थानातील जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याच्या वाट्याला आले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात राहिला. चिटगुप्पा या तिसऱ्या वाटणीत आहे. नकाशावर त्या दिवशी रेषा उमटल्या. रेडिओलहरींना त्या रेषा दिसत नाहीत. त्यांना दिसते ते फक्त क्षितिज.

एफएम प्रक्षेपण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे तीन मीटर असते. इतक्या आखूड लहरी जमिनीच्या गोलाईला धरून फार दूर वाकत नाहीत आणि वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून सहसा परतही येत नाहीत. त्या जवळजवळ प्रकाशासारख्या सरळ जातात. म्हणून प्रक्षेपण मनोऱ्याच्या शेंड्यावरून श्रोत्याचा अँटेना ‘दिसतो’ की नाही, हा पहिला प्रश्न. हवेच्या घनतेमुळे लहर किंचित खाली झुकते, त्यामुळे रेडिओचे क्षितिज डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा थोडे पुढे असते. त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. मनोऱ्याच्या आणि श्रोत्याच्या अँटेनाच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढावीत, त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे किलोमीटरमधील पल्ला.

हा हिशेब चिटगुप्प्यातल्या एखाद्या माडीवर, जमिनीपासून दहा मीटर उंच लावलेल्या अँटेनासाठी करून पाहावा. जमीन सपाट धरली तर सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या बिदरहून आवाज येण्यासाठी तिथला अँटेना जेमतेम ४३ मीटर उंच असला तरी पुरे. कलबुर्गी सुमारे ५७ किलोमीटरवर आहे. तिथे ११५ मीटरच्या आसपास उंची हवी. उदगीर ७७ किलोमीटर, म्हणजे २४० मीटर. लातूर शंभर किलोमीटर, म्हणजे साडेचारशे मीटर. सोलापूर आणि हैदराबाद ही दोन्ही शहरे जवळपास १४० किलोमीटरवर, एक पश्चिमेला, दुसरे पूर्वेला. तिथून चिटगुप्पा ‘दिसायचे’ तर अँटेना जवळजवळ साडेनऊशे मीटर उंचीवर हवा. असा मनोरा कोणी बांधत नाही. अंतर साडेतीनपट वाढले तर उंची बावीसपट लागते, हे या हिशेबातील खरे मर्म. आकाशवाणीची सोलापूर, धाराशिव आणि नांदेड ही मराठी केंद्रे तिन्ही बाजूंनी १३० किलोमीटरच्या पलीकडे आहेत. चिटगुप्प्याच्या दृष्टीने मराठी ही क्षितिजाखालची भाषा ठरते, ती अशी.

जमीन सपाट नाही, ही मात्र या हिशेबातील मोठी अट आहे. बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरहून उंच वसले आहे. बहमनी सुलतानांचा किल्ला त्याच पठाराच्या कडेवर उभा आहे. कलबुर्गी साडेचारशे मीटरच्या आसपास. बिदरमध्ये साधा मनोरा उभारला तरी त्याला दोनशे मीटरचे आयते जोते मिळते आणि सखल भागाकडे त्याची नजर दूरवर जाते. उलट दिशेने तसे होत नाही. कलबुर्गीहून हुमनाबादकडचा रस्ता एकंदर चढाचा आहे. पठाराच्या कडेवरचे गाव खालून येणारी लहर छान पकडते, पण कडेच्या मागे, पठारावर आत असलेल्या गावावर त्याच कडेची सावली पडते. एकाच तालुक्यातील दोन गावांत एकच केंद्र एकीकडे खणखणीत आणि दुसरीकडे अजिबात नाही, असे घडते ते यामुळे. गोव्यातील वाचकांना हे नवे नाही. पणजीला स्पष्ट ऐकू येणारे केंद्र सह्याद्रीच्या पायथ्याशी एखाद्या दरीत शिरताच हरवते.

मग प्रक्षेपकाची शक्ती वाढवली तर? सामान्य समज असा की दहा किलोवॉटचे केंद्र एक किलोवॉटच्या केंद्रापेक्षा दहापट दूर जाते. तसे नसते. शक्ती दहापट केली तर एखाद्या ठिकाणी मिळणाऱ्या लहरीचा जोर सव्वातीनपट होतो, आणि क्षितिज तर तसूभरही सरकत नाही. क्षितिजाच्या आत शक्तीचा उपयोग घराच्या भिंती भेदायला, गोंगाटावर मात करायला होतो. क्षितिजापलीकडे लहर टेकाडांच्या माथ्यांवरून थोडीफार वळून जाते, पण तिथे ती झपाट्याने क्षीण होते. सरकारी नियमांत खासगी एफएमसाठी शहरांचे वर्ग लोकसंख्येवरून ठरतात: २० लाखांवर ‘अ’, १० ते २० लाख ‘ब’, ३ ते १० लाख ‘क’ आणि १ ते ३ लाख ‘ड’. वर्ग जसा खाली उतरतो तशी परवानगी असलेली शक्तीही उतरते. हैदराबाद ‘अ’ वर्गात बसते, बिदर ‘ड’मध्ये. श्रोत्यांची संख्या पाहून शक्ती द्यायची, ही रीत शहरासाठी ठीक; विरळ वस्तीच्या सीमाभागाला, जिथे पल्ल्याचीच गरज अधिक, ती उफराटी पडते.

या पट्ट्यातील सर्वांत मनोरंजक कंपनसंख्या ९३.५ मेगाहर्ट्झ. रेड एफएमचे प्रक्षेपण हैदराबाद आणि कलबुर्गी या दोन्ही शहरांत याच आकड्यावर आहे. दोन केंद्रे एका आकड्यावर आली तर जुन्या मध्यम लहरींच्या रेडिओवर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गलका होई. एफएमचा स्वभाव वेगळा आहे. तिथे दोहोंपैकी जी लहर साधारण दुपटीने जोरदार, ती दुसरीला पार झाकून टाकते. चिटगुप्प्यात जवळच्या कलबुर्गीचे पारडे जड राहणार हे उघड आहे. जहीराबादच्या परिसरात मात्र दोन्ही शहरे सुमारे ९० ते १०० किलोमीटरवर येतात आणि चालत्या गाडीत, कोणी बटण न फिरवता, कन्नड वाक्याचा शेवट तेलुगूत होऊ शकतो. चढावर एक, उतारावर दुसरे. भाषेची सीमा कुठे आहे हे दाखवणारे इतके प्रामाणिक यंत्र दुसरे नसेल!

एफएम येण्यापूर्वी या भागाचे ऐकणे निराळे होते. हैदराबादेत १९३५ साली अवघ्या २०० वॉटच्या प्रक्षेपकावर रेडिओ सुरू झाला आणि पुढे निजाम सरकारच्या ‘डेक्कन रेडिओ’चे हैदराबादप्रमाणे औरंगाबादेतही केंद्र झाले. १९५० साली ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली. कलबुर्गीचे आकाशवाणी केंद्र १९६६ मधले, त्याची कंपनसंख्या ११०७ किलोहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी सुमारे २७० मीटर. इतकी लांब लहर जमिनीला बिलगून जाते. टेकड्या तिला अडवत नाहीत. शिवाय सूर्य मावळला की वातावरणातील लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि वरच्या थरावरून मध्यम लहरी शेकडो किलोमीटर दूर परततात. हैदराबाद ७३८, धारवाड ७६५ आणि पुणे ७९२ किलोहर्ट्झ हे तीन आकडे डायलवर एकमेकांच्या शेजारी आहेत. रात्रीच्या वेळी दख्खनच्या मध्यावरच्या गावात तेलुगू, कन्नड आणि मराठी या तीन भाषा काट्याच्या बोटभर अंतरात मिळत, ते यामुळे. आवाज खरखरीत, पण सीमा न मानणारा.

गोव्याला सीमेपलीकडच्या आवाजाची वेगळी आठवण आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ या काळात आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या रानातून ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. ते लघुलहरींवर चाले, म्हणून घाट मध्ये असूनही गोव्यात पोहोचे. एफएमचा प्रक्षेपक त्या जागी असता तर डोंगराआड त्याचा आवाज बराचसा अडला असता. अलीकडे आकाशवाणी अनेक ठिकाणचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद करून एफएमवर भर देत आहे. ध्वनीची प्रत त्यामुळे निश्चित सुधारते. चिटगुप्प्यासारख्या गावाच्या खात्यात मात्र ही देवाणघेवाण तोट्याची ठरते: जवळचा आवाज सुरेल झाला, दूरचा गेला.

अपवाद आहेत. हिवाळ्यात आकाश निरभ्र असताना पठाराची जमीन रात्रीतून थंड होते, तिच्यावर गार हवा आणि त्यावर उबदार हवा असा उलटा थर बसतो. एफएमची लहर या दोहोंच्या मध्ये नळीत सापडल्यासारखी होऊन क्षितिज ओलांडून जाते. पहाटे सहाला शंभर-दीडशे किलोमीटरवरचे केंद्र स्पष्ट ऐकू यावे आणि नऊच्या उन्हात नाहीसे व्हावे, असा अनुभव दख्खनच्या पठारावर येऊ शकतो. ‘आमच्याकडे हैदराबाद ऐकू येते’ हे विधान म्हणून खोटे नसते. ते कोणत्या वेळचे, एवढेच विचारावे लागते.

केंद्रांच्या पल्ल्याची तुलना करायची तर तीच जागा, तोच संच आणि तोच प्रहर धरावा लागतो. मोबाइलमध्ये हेडफोनची तार हाच अँटेना असतो, तेव्हा खिशातल्या मोबाइलवर न आलेले केंद्र गाडीच्या रेडिओवर आले तर नवल नाही. अनेक नव्या मोबाइलमधून एफएमची सोयच गेली आहे. ती सुरू ठेवावी, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये उत्पादकांना केली होती. स्टिरिओ प्रक्षेपण स्वच्छ ऐकायला मोनोपेक्षा कितीतरी जोरदार लहर लागते. संचावर मोनोचे बटण असेल तर ते दाबताच खरखर बसते आणि काठावरचे केंद्र ऐकण्याजोगे होते. गच्चीवर दीड मीटर लांबीचा साधा दांडीचा अँटेना केंद्राच्या दिशेला आडवा धरून बसवला, तरी घरातल्या संचाचे नशीब पालटते.

उंची नाही, शक्तीही नाही, तरी आवाज पोहोचवण्याचा एक मार्ग याच परिसराने दाखवला आहे. जहीराबादजवळच्या माचनूर गावात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या दलित महिला ९०.४ मेगाहर्ट्झवर ‘संघम रेडिओ’ चालवतात. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्याचे उद्घाटन न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या हस्ते झाले. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या निकालाने १९९५ मध्ये दिला तो त्यांचाच. सामुदायिक रेडिओला १०० वॉट शक्ती आणि ३० मीटर उंचीची मर्यादा असते. क्षितिजाच्या हिशेबाने ३५ किलोमीटर जाऊ शकणारा हा आवाज शक्तीअभावी साधारण पाच-दहा किलोमीटरवर मंदावतो. तेवढ्यात मात्र शेजारणीच्या बोलीतले शेतीचे बोलणे ऐकू येते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. त्या यादीत बिदर आहे, लातूर आणि उदगीरही आहेत. मातृभाषेतील स्थानिक आशय वाढावा, हा हेतू तेव्हा सांगण्यात आला. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा प्रसारित करता येतात. तेव्हा मराठी वाहिनी आली तर मराठी बातमीपत्रही तिच्या मागून येऊ शकते. उदगीरला मनोरा उभा राहिला तर औराद आणि भालकी ही कर्नाटकातील गावे सरळ रेषेत त्याच्यापासून ३५ ते ४० किलोमीटरवर, ३० ते ४५ मीटरच्या अँटेनाच्या टप्प्यात येतात. चिटगुप्प्यासाठी मात्र तिथे २४० मीटर लागतील, आणि ‘ड’ वर्गाच्या शहरात कोणी तेवढा खर्च करणार नाही. चिटगुप्प्याला ऐकू येईल तो बिदरचा मनोरा. त्यावर परवाना मिळवणारी कंपनी दिवसातले किती तास कोणत्या भाषेला देईल, हे तिच्या जाहिरातदारांवर अवलंबून राहील.